वाचकांचे प्रश्न : दाविदाची ढाल, गळ्यातली आणि भिंतीवरची

गेल्या अंकात मी एका लॉकेटाबद्दल लिहिलं होतं. चांदीच्या तारेचे दोन त्रिकोण एकमेकांत गुंफून केलेली दाविदाची ढाल, म्हणजे मागेन दाविद, यहुद्यांचा सहा टोकांचा तारा, आणि तिचं एक टोक निसटलेलं. मी डाग देऊन (वितळलेल्या धातूनं सांधून) ते जोडलं, पण जोडताना एका ठिकाणी वरून जायची तार खालून गेली. मला ते कळलं नव्हतं. लॉकेट घेऊन आलेल्या बाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "इथली तार वर होती. आईच्या मांडीवर बसून मी तिच्यावरून नख फिरवायचे." मी तो डाग सोडवला आणि पुन्हा जोडणी केली. त्या लेखावर बरीच पत्रं आली. या वेळी त्यांतलेच प्रश्न घेते.

आमच्याकडे यंत्रात षट्कोण असतो, रांगोळीतही असतो. तुमची ढाल आणि आमचा षट्कोण एकच का? वर्गात मुलं विचारतात तेव्हा काय सांगावं?
– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, महाराष्ट्र

सर, आकार एकच आहे. मुलांना आधी तो काढायला सांगा. कंपासनं वर्तुळ काढायचं आणि कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर पावलं टाकायची. बरोबर सहा पावलांत आपण सुरुवातीच्या जागी येतो. एक बिंदू सोडून एक जोडत गेलं की पहिला त्रिकोण होतो, उरलेल्या तिनांचा दुसरा. माझ्या आईकडे कंपास नव्हता. तिनं कागदावर बशी पालथी ठेवून गोल आखला आणि कापला, त्याची अर्धी घडी घातली, मग त्या अर्ध्याच्या तीन सारख्या घड्या. उलगडल्यावर कडेला सहा खुणा मिळाल्या. त्यावरून तिनं मलिद्याच्या (प्रार्थनेत ठेवायच्या गोड पोह्यांच्या) ताटावर झाकायच्या रुमालावर निळ्या दोऱ्यानं साखळीटाक्याची ढाल भरली. तिसरी घडी जराशी चुकली होती, म्हणून एक टोक बाकीच्यांहून बारीक आलं. इस्रायलमधल्या लोदच्या माझ्या घरात एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, मलिद्याला अजून तोच रुमाल निघतो.

इतक्या सहज हाती येणारा आकार जगात एकाच समाजाकडे राहील कसा? दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्याच्या कमानींवर तो आहे. मोरोक्कोच्या एकोणिसाव्या शतकातल्या ओतीव नाण्यांवर आहे, आणि ते राज्य मुसलमान सुलतानाचं. जर्मनीत बव्हेरियाच्या ओबरफाल्झ भागात घरची बिअर तयार झाली की दारावर सहा टोकांचा तारा टांगतात. त्याला तिथे 'झॉइगल' म्हणतात. तो पाहून कोणी त्या घराला यहुद्याचं घर समजलं, तर ती समजणाऱ्याची चूक.

अर्थ मात्र एक नाहीत, आणि ते एक करायची घाई मला पटत नाही. यंत्रातला वर टोक असलेला त्रिकोण शिवाचा आणि खाली टोक असलेला शक्तीचा, असं तुमच्याकडे सांगतात. आमच्याकडे त्या त्रिकोणांचा असा जुना, सर्वमान्य अर्थ नाही. पुढे लोकांनी पुष्कळ अर्थ लावले, काही सुंदरही आहेत, पण ते मागून आलेले. मुलांना इतकंच सांगा की अक्षर सारखं असलं तरी दोन भाषांत त्याचे शब्द वेगळे होतात. आपल्या 'न'च्या जागी हिब्रूत नून हे अक्षर आहे, म्हणून काही हिब्रू मराठी झाली नाही.

शाळेतल्या मैत्रिणीशी माझं भांडण झालं. ती म्हणते, दाविद राजाच्या खऱ्या ढालीवर हा तारा होता. खरं आहे का?
– इयत्ता आठवीतली वाचक, अश्दोद

बाळा, पवित्र शास्त्रात तसं कुठेही लिहिलेलं नाही. भांडण तू जिंकलीस, पण मैत्रिणीला नीट समजावून सांग, कारण तिच्या म्हणण्यातही एक खरा धागा आहे.

'मागेन दाविद' हे शब्द आपल्या प्रार्थनेत फार जुने आहेत. शब्बाथच्या (शनिवारच्या) सकाळी हफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला उतारा, वाचून झाल्यावर जे आशीर्वाद म्हणतात, त्यांतल्या एकाचा शेवट याच शब्दांनी होतो. तिथे ढाल म्हणजे परमेश्वर, दाविदाला राखणारा. त्यात ताऱ्याचं नावही नाही. शब्द आधीपासून होते आणि आकार वेगळ्या वाटेनं आला. दोघांची गाठ फार उशिरा पडली.

आकाराची वाट अशी. गालीलच्या सरोवराकाठी कफर्नहूमला जुन्या सिनेगॉगचे (यहुदी प्रार्थनास्थळाचे) अवशेष आहेत. त्यांच्या नक्षीत सहा टोकांचा तारा आहे आणि पाच टोकांचाही आहे. दोन्ही नक्षीच. साधारण १००८ साली कैरोत लिहिलेली हिब्रू बायबलची एक पोथी आज सेंट पीटर्सबर्गला आहे. तिच्या एका सजवलेल्या पानावर मोठा तारा आहे आणि त्याच्या रेघा बारीक हिब्रू अक्षरांनी भरल्या आहेत. तीही शोभाच. समाजाची खूण म्हणून तो आधी प्रागमध्ये दिसू लागतो. राजा चौथ्या चार्ल्सनं १३५४ साली तिथल्या यहुद्यांना स्वतःचा ध्वज बाळगायची परवानगी दिली आणि पुढे त्या ध्वजावर हा तारा आला. तिथून तो छापखान्यांच्या मुद्रेवर, मग मध्य युरोपात पसरला. एकोणिसाव्या शतकात युरोपात सिनेगॉगच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. चर्चवर क्रूस असतो, तसं आपल्या इमारतीवर लांबून ओळखू येणारं काहीतरी हवं, म्हणून तो छतावर आणि खिडक्यांत गेला. (आमची जुनी माणसं सिनेगॉगला 'मशीद'च म्हणत, तेव्हा तू आजीकडून तो शब्द ऐकलास तर गोंधळू नकोस.) १८९७ साली बासेलला पहिली झायोनिस्ट (यहुद्यांसाठी स्वतःचा देश मागणाऱ्या चळवळीची) परिषद भरली आणि तो चळवळीचा झाला. २८ ऑक्टोबर १९४८ ला तो इस्रायलच्या झेंड्यावर आला, तल्लिथच्या (प्रार्थनेच्या शालीच्या) पट्ट्यांसारख्या दोन निळ्या पट्ट्यांच्या मधोमध.

मग जुनी खूण कोणती? तुझ्या खिशात १० अगोरोतचं नाणं असेल तर काढून बघ. त्यावर सात फांद्यांचा मेनोरा (दीपवृक्ष) आहे. रोमला टायटसची कमान आहे, पहिल्या शतकातली. तिच्या आतल्या बाजूला जेरुसलेमचं मंदिर लुटून सैनिक मेनोरा खांद्यावर घेऊन चाललेत, असं कोरलेलं आहे. फेब्रुवारी १९४९ मध्ये देशाचं बोधचिन्ह ठरलं तेव्हा गॅब्रिएल आणि मॅक्सिम शामीर या भावांच्या रेखाटनात नेमका त्याच कमानीवरचा मेनोरा घेतला. लुटीत गेलेली वस्तू लुटारूंच्याच कमानीवरून उतरवून घरी आणली. मी कितीही वेळा हे सांगितलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. मैत्रिणीला हेही सांग, त्यानं भांडण मिटेल.

अँब्युलन्सवर लाल क्रॉस न लावता लाल तारा का लावतात?
– एक वाचक, ठाणे

इस्रायलच्या या सेवेचं नावच 'मागेन दाविद आदोम', म्हणजे दाविदाची लाल ढाल. ती १९३० पासून आहे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस परिवाराला क्रॉस आणि चंद्रकोर मान्य होती, ढाल नव्हती, म्हणून ही संस्था कित्येक वर्षं बाहेर राहिली. २००५ साली करार होऊन 'लाल स्फटिक' म्हणजे एका टोकावर उभा असलेला लाल चौकोन हे तिसरं चिन्ह ठरलं आणि २००६ साली ती आत आली. परदेशात काम करताना ते स्फटिक, इथे रस्त्यावर ढालच.

मुलगा बर्लिनचं ज्यू म्युझियम पाहून आला. ती इमारत म्हणजे मोडलेला तारा आहे असं आम्ही ऐकलं होतं. तो म्हणाला, "आई, आत कुठेच तारा दिसला नाही. नुसत्या वाकड्या भिंती." मग लोक असं का म्हणतात?
– एक वाचक, पुणे

मुलाचं म्हणणं अगदी खरं आहे. मी तिथे गेले तेव्हा मीही तारा शोधला आणि मलाही सापडला नाही. पहिला तास मी त्यामुळे नाराज होते, हे कबूल करते.

वास्तुकार डॅनिएल लिबेस्किंड यांचा जन्म १९४६ सालचा, पोलंडमधल्या वूच शहरातला. आईवडील नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या संहारातून वाचलेले. त्यांनी बर्लिनचा नकाशा घेतला, शहरात कधीकाळी राहिलेल्या यहुदी आणि बिगरयहुदी लेखक-कलावंतांचे पत्ते त्यावर मांडले आणि रेघांनी जोडले. त्यातून वेडावाकडा, ओढाताण झालेला तारा निघाला. इमारत त्या रेघांमधून आली. म्हणजे तारा आधी होता, शहरभर पसरलेला होता, शेजाऱ्याला शेजाऱ्याशी जोडणारा होता. २००१ साली लोकांसाठी उघडलेल्या या इमारतीत आपण त्याच्या तुकड्यातून चालतो. वरून पाहिलं तर जस्ताच्या पत्र्यानं मढवलेली नागमोड दिसते, आणि आतल्या माणसाला तेवढंही दिसत नाही. तिला रस्त्यावरून स्वतःचं दारही नाही. शेजारच्या जुन्या इमारतीत शिरून तळघरातून जावं लागतं.

आत मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या उंच पोकळ्या आहेत. एकीत मेनाशे कादिश्मान या तेल अवीवच्या शिल्पकाराचं काम जमिनीवर अंथरलं आहे. लोखंडाच्या जाड पत्र्यातून कापलेले दहा हजारांहून जास्त चेहरे, गोल, तोंड उघडं. त्यांच्यावरून चालायचं असतं. मी आयुष्य धातूत घालवलं आहे. पत्रा पत्र्यावर आपटल्याचा आवाज माझ्या कानाला रोजचा. तिथे पहिलं पाऊल टाकलं आणि तो खणखणाट त्या उंच भिंतींवरून परत आला तेव्हा मला दुसरं पाऊल टाकवेना. शेजारी शाळेतली मुलं होती, तीही गप्प झाली. मी कडेकडेनं बाहेर आले. बाहेर आल्यावर वाटलं, इथे भिंतीवर एक अख्खा, चकचकीत तारा लावला असता तर माणसं त्याच्यासमोर फोटो काढून निघून गेली असती.

लिबेस्किंडनी नंतर कॅनडात ओटावाला संहाराचं राष्ट्रीय स्मारक केलं, २०१७ साली उघडलेलं. तिथे मात्र काँक्रीटचे सहा त्रिकोणी भाग मिळून ओढलेला तारा होतो आणि तो ओळखू येतो. त्यामागे कारण आहे. नाझींनी यहुद्यांच्या अंगावर जो तारा शिवायला लावला, त्या खुणेचीच ती आठवण.

तेव्हा त्या पिवळ्या ताऱ्याबद्दलही लिहिते, कारण कलेत ही ढाल दिसते तेव्हा बहुतेक वेळा तोच तारा मनात असतो. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक यहुद्यानं तो डाव्या छातीवर शिवायचा असा हुकूम निघाला. मधोमध 'युडं' (जर्मनमध्ये 'यहुदी') असं हिब्रू वळणाची नक्कल करणाऱ्या अक्षरांत छापलेलं. व्यापलेल्या पोलंडमध्ये त्याआधी, १९३९ पासूनच, पांढऱ्या दंडपट्टीवर निळा तारा होता. फ्रान्समध्ये १९४२ च्या जूनपासून तो आला आणि त्यासाठी कापडाच्या रेशनमधून पॉइंट कापून घेत. छापील कापड मिळायचं, ते कापायचं, कडा दुमडायच्या, शिवायचं, हे सगळं घरातल्या बाईनं. कोणत्याही म्युझियमात तो तारा दिसला की मी आधी टाके बघते. काहींचे टाके इतके बारीक आणि सरळ असतात की त्या बाईला शिवणाची सवय होती हे कळतं. लेकराच्या कोटावर ते शिवताना तिच्या मनात काय असेल, हे मला आजही सोसत नाही. (डेन्मार्कच्या राजानं सहानुभूतीनं स्वतः तारा लावला ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. ती दंतकथा आहे. डेन्मार्कमध्ये तारा लावायची सक्ती कधी झालीच नाही.)

चित्रकार फेलिक्स नुसबाउम यांनी १९४३ च्या सुमारास, ब्रुसेल्समध्ये लपलेले असताना, स्वतःचं एक चित्र काढलं. उंच भिंतीच्या कोपऱ्यात ते उभे आहेत. हातात ओळखपत्र, त्यावर लाल अक्षरांत 'यहुदी' असा फ्रेंच आणि डच शिक्का. दुसऱ्या हातानं ते कोटाची कॉलर वर धरतात आणि त्या हाताखाली पिवळा तारा दिसतो. डोळे सरळ आपल्याकडे. पाहणाराच जणू कागद तपासणारा शिपाई. १९४४ साली त्यांना आउश्वित्झला नेलं, ते परतले नाहीत. त्यांचं चित्रसंग्रहालय ओस्नाब्रुकला, त्यांच्या जन्मगावी आहे. १९९८ साली उघडलेली ती इमारतही लिबेस्किंड यांचीच. मुलगा पुन्हा जर्मनीला गेला तर त्याला तिथे जरूर पाठवा.

बाजारात कुशनवर, मोज्यांवर, पायपुसण्यावर, बिस्किटाच्या साच्यावर, सगळीकडे मागेन दाविद दिसतो. हे चालतं का? शास्त्र काय सांगतं?
– एक गृहिणी, दिमोना

ताई, शास्त्रापुरतं उत्तर सोपं आहे. पावित्र्य असतं ते लिहिलेल्या नावाला. दाराच्या चौकटीवर लावायच्या मेझुझातल्या चर्मपत्रावर परमेश्वराचं नाव आहे, तोराच्या (धर्मग्रंथाच्या) गुंडाळीवर आहे. ती फाटली, शाई उडाली, तरी कचऱ्यात जात नाही. गनिझात, म्हणजे अशा जुन्या पवित्र लिखाणासाठीच्या जागेत, ठेवतात, मग पुरतात. ताऱ्याच्या आकाराला तो दर्जा नाही. मेझुझाच्या नुसत्या डबीलाही चर्मपत्रासारखा नाही. म्हणून हनुक्काच्या सणाला नातवंडांसाठी ताऱ्याची बिस्किटं करा, एक टोक मोडलं तर आधी तेच खा.

पायपुसणं मात्र माझ्या दारात येणार नाही. हे शास्त्र नाही, माझं मत आहे. ज्या खुणेसाठी माणसं मेली तिच्यावर मला चिखल पुसवत नाही.

पण मोजे आणि कुशनपेक्षा मला जास्त खटकतं ते दुसरंच. कोरोनाच्या काळात युरोप-अमेरिकेत लसीला विरोध करणाऱ्या काहींनी छातीवर पिवळा तारा लावून मोर्चे काढले. आतल्या शब्दाच्या जागी 'लस न घेतलेला' असं लिहिलं. म्यूनिक शहरानं २०२० साली मोर्च्यांत असा तारा लावायला बंदी केली, आणि बरं केलं. लस घ्यावी की नाही यावर वाद घालायला त्यांना पूर्ण मोकळीक होती. सहा वर्षांच्या पोराच्या कोटावर बळजबरीनं शिवलेली खूण स्वतःच्या रागासाठी उसनी घ्यायची मोकळीक कोणालाही नाही. आपल्या माणसांनाही माझं हेच सांगणं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या, इस्रायलच्या, राजदूतांनी सभागृहात पिवळा तारा लावला, तेव्हा याद वाशेम या जेरुसलेमच्या संहार-स्मारकाच्या अध्यक्षांनी जाहीर नापसंती सांगितली. तो तारा असहाय माणसांचा होता आणि आज आपल्याला देश आहे, सैन्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या महिन्यात, हमासच्या हल्ल्यानंतर, आमच्या घरातही रडणं थांबत नव्हतं. तरीही मला अध्यक्षांचं म्हणणं पटलं. तो तारा छातीवर ज्यांनी शिवला त्यांना निवड नव्हती. ज्याला निवड आहे त्यानं निळा लावावा.

वस्तू विकत घेताना मी स्वतःला विचारते, ही कोणी केली, कोणासाठी केली आणि घरात ती कुठे बसणार. तिन्हींचं उत्तर बरं आलं तर घेते.

आजीचं लॉकेट आहे. चांदीचं, जाळीकामाचं, मध्ये मागेन दाविद. काळं पडलंय, वरची कडी झिजलीय, मागे इंग्रजीत काही बारीक छापलंय ते वाचता येत नाही. सोनार म्हणतो, वितळवून त्याच वजनाचं नवं करून देतो. करू का?
– एक वाचक, पनवेल

नका करू. सोनाराला म्हणावं, थांब.

आधी मागचं अक्षर वाचा. साबणाच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मऊ ब्रशनं हलकं घासा, आणि दुपारच्या तिरप्या उजेडात भिंगानं बघा. 'मेड इन पॅलेस्टाइन' असं निघालं तर ते १९४८ च्या आधीचं, ब्रिटिश अमलाच्या काळातलं समजा. जेरुसलेमला १९०६ साली बोरिस शात्झ यांनी बेझालेल ही कलाशाळा काढली. तिच्या चांदीच्या कारखान्यात येमेनहून आलेले यहुदी कारागीर असत आणि तारेचं जाळीकाम हा त्यांचा पिढीजात हात. दोन बारीक तारा पिळून, चपट्या करून, त्यांच्या वेटोळ्या चौकटीत बसवायच्या, वर टाकणखार आणि चांदीच्या डागाचा कीस भुरभुरायचा आणि ज्योत फिरवायची. ज्योत एक क्षण जास्त थांबली तर सगळी जाळी गोळा होऊन थेंब होतो. असं काम आज कोणी त्याच वजनात तुम्हाला करून देणार नाही. ओतीव देईल. आणि अक्षर 'इस्रायल' निघालं किंवा काहीच निघालं नाही, तरी माझं उत्तर बदलत नाही.

काळेपणाचं म्हणाल, तर जाळीच्या आतला काळा राहू द्या, त्यामुळेच नक्षी उठते. ॲसिडमध्ये बुडवू देऊ नका, यंत्राच्या बफवर तर मुळीच धरू देऊ नका. झिजलेली कडी तेवढी बदला. नवी कडी जाड तारेची घ्या आणि तिचा सांधा डागानं बंद करून घ्या, नुसता दाबून नको, नाहीतर बसमध्ये एक हिसका बसला की लॉकेट गेलं. जुनी कडी सोनाराकडे ठेवू नका, मागून घ्या आणि कागदाच्या पुडीत लॉकेटाच्या डबीत ठेवा. ती नेमकी कोणत्या बाजूनं झिजली आहे ते बघा. आजी साखळी डावीकडे सरकवून घालत होती की उजवीकडे, ते त्यावरून कळेल.